काळ्या अस्वलाच्या शिकारीसाठी रायफलची गोळी कशी निवडावी

फुप्फुसांतून गोळी आरपार गेलेले काळे अस्वलही बऱ्याचदा पन्नास-शंभर मीटर पळते, आणि पळते ते नेमके दाट झाडीत किंवा दलदलीत. हरणाच्या मागे जाताना पानापानांवर रक्त दिसते. अस्वलाच्या बाबतीत तसे घडेलच असे नाही. कातडीखालचा चरबीचा थर सरकतो आणि जखमेचे तोंड बुजवून टाकतो. त्यातूनही जे रक्त बाहेर येते ते लांब, दाट केस टिपून घेतात. त्यात बहुतेक अस्वले संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात समोर येतात. अशा वेळी अंधारात टॉर्च घेऊन काळ्या जनावराचा माग काढणे किती अवघड असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते.

म्हणून गोळी निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ही गोळी आत शिरून फुलेल, म्हणजे तिचे टोक पसरून रुंद होईल, आणि तरीही पलीकडच्या बाजूने बाहेर पडेल का? आत जातानाचे एक भोक आणि बाहेर पडतानाचे एक, अशी दोन भोके पडली, आणि त्यांतले बाहेरचे खालच्या अंगाला असले, तर माग मिळण्याची शक्यता खूप वाढते. पुढचे सगळे याच प्रश्नाच्या आधाराने लिहिले आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि तिथे कायदेशीर परवान्यावर पहिल्यांदाच अस्वलाच्या शिकारीला निघालेल्या मराठी माणसांना ते उपयोगी पडावे.

आधी कायदा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे अस्वल आणि हिमालयातले काळे अस्वल ही दोन्ही पूर्ण संरक्षित आहेत, तिथे शिकारीचा प्रश्नच येत नाही. हा लेख फक्त उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाबद्दल आहे. त्याची संख्या तिथे लाखांच्या घरात आहे आणि राज्ये व प्रांत ठरावीक हंगामात, ठरावीक परवान्यांवर शिकारीला मुभा देतात.

अमेरिकेत एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हातात असणे हा त्या मनाईला एक अपवाद आहे. याचा अर्थ आधी शिकारीचे सुरक्षा-प्रशिक्षण, मग परवाना, आणि त्यानंतरच काडतुसांचे दुकान. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नव्हे. कॅनडात बंदूक बाळगण्याचा संघीय परवाना वेगळा आणि प्रांताचा शिकार परवाना वेगळा. दोन्ही लागतात.

गोळीच्या प्रकारावरही नियम असतात. पूर्ण धातूच्या आवरणाची, न फुलणारी गोळी मोठ्या जनावरांसाठी बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी अजिबात चालत नाही. आपल्या राज्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका डाउनलोड करून गोळीबद्दलचे पान वाचल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

पायरी १: जनावर समजून घ्या

पूर्ण वाढलेला नर साधारण ६० ते २२० किलोंच्या दरम्यान असतो, मादी त्याहून बरीच लहान. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात २७० किलोंहून जड नरही मारले गेले आहेत. तरीही बहुतेक शिकाऱ्यांसमोर येणारे अस्वल एका तगड्या माणसाच्या वजनाच्या आसपासच असते. त्यामुळे ग्रिझली या मोठ्या तपकिरी अस्वलासाठी लागते तसली तोफ यासाठी लागत नाही. वसंतात गुहेतून बाहेर पडलेले अस्वल सडपातळ असते. शरद ऋतूत ते झोपेच्या तयारीला लागते आणि पाठीवर, मागच्या भागावर काही इंच जाड चरबी चढवते. चरबी गोळीला फारशी अडवत नाही, रक्ताला मात्र अडवते.

खांद्याची हाडे जाड आहेत आणि त्यांवर स्नायूंचे भरीव आवरण आहे. हृदय छातीत खाली, पुढच्या पायांच्या मधोमध असते. फुप्फुसे खांद्याच्या मागे पसरलेली असतात. पोटाखाली लोंबणारे केस शरीर आहे त्यापेक्षा खोल भासवतात, त्यामुळे नवखा माणूस हमखास खाली मारतो. केसांची कड आणि शरीराची कड यांत कित्येक बोटांचे अंतर असते.

पायरी २: किती अंतरावरून मारणार ते ठरवा

गोळी फुलते की नाही, तुटते की नाही, हे ती जनावरावर आदळताना किती वेगात आहे यावर ठरते. वेग ठरतो अंतरावर, आणि अंतर ठरते शिकारीच्या पद्धतीवर.

मेन, मिनेसोटा, ऑन्टारियो, सॅस्कॅचेवान इथे आमिष ठेवून मचाणावरून किंवा आडोशातून शिकार करण्याची पद्धत कायदेशीर आणि रूढ आहे. अंतर बहुधा ५० यार्डांच्या आतले. इथे गोळी नळीतून सुटल्या वेगातच आदळते. मोंटाना किंवा ब्रिटिश कोलंबियात दुर्बिणीने डोंगरउतार न्याहाळत चालत जाऊन शिकार करतात. तिथे १०० ते ३०० यार्ड हे अंतर सहज येते. मोंटानात तर परवान्यासाठी काळे अस्वल आणि ग्रिझली यांतला फरक ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण काळे अस्वल दालचिनीच्या किंवा तपकिरी रंगाचेही असते. खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याची बाजूने दिसणारी रेघ, कान आणि पुढची नखे पाहून ओळखायचे.

पायरी ३: हातात असलेली रायफल

पहिल्या शिकारीसाठी नवी रायफल घेण्याचे कारण सहसा नसते. हरणासाठी वापरतात त्यांतल्या बहुतेक रायफली योग्य गोळी घातली तर अस्वलाला पुरतात.

.३०-३० विन्चेस्टर हे १८९५ चे काडतूस आजही आमिषावरच्या शिकारीत उत्तम काम करते. १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने सुटते आणि २०० यार्डांवर तो वेग १,६०० च्या आसपास येतो. १०० यार्डांवर नेम बसवलेला असेल तर २०० वर गोळी ८-९ इंच खाली पडते. म्हणून मी हे काडतूस दीडशे यार्डांच्या आतच ठेवीन. लीव्हरच्या, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या, रायफलीत काडतुसे नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात, पुढच्या काडतुसाच्या प्राइमरला, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या टोपीला, मागच्या गोळीचे टोक टेकते. धातूचे किंवा कडक टोक तिथे स्फोट घडवू शकते. अशा रायफलीत सपाट नाकाची गोळी किंवा त्यासाठीच बनवलेली मऊ, लवचिक टोकाची गोळी एवढ्याच चालतात.

.३०८ विन्चेस्टर आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड ही माझी पहिली शिफारस. काडतुसे कुठल्याही गावात मिळतात, निवड भरपूर आहे, धक्का सोसवतो. .२७० विन्चेस्टर, ७ मिमी-०८ आणि ६.५ क्रीडमूर हीही पुरेशी आहेत, पण कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, जितके लहान तितकी गोळीची बांधणी मजबूत हवी. .४५-७० ची रुंद, जड गोळी जवळच्या अंतरावर फार चांगली असते. फक्त जुन्या एकोणिसाव्या शतकातल्या रायफलीत आजची जास्त दाबाची काडतुसे घालू नका, ती पेटी कोणत्या रायफलींसाठी आहे ते तिच्यावरच छापलेले असते. .३०० मॅग्नम (जास्त दारूचे, जास्त वेगाचे काडतूस) असेल तर वापरा, पण त्यासाठी वेगळी गोळी लागेल, ते पुढे येतेच. .२२३ ला मी अस्वलासाठी स्पष्ट नाही म्हणेन. काही ठिकाणी कायद्याने चालत असले तरीही. .२४३ अनुभवी, शांत हाताच्या माणसाने मजबूत १०० ग्रेनच्या गोळीने वापरावे, नवख्याने नको.

पायरी ४: गोळीची बांधणी

दुकानात पेटीवर ठळक छापलेले असते ते काडतुसाचे नाव, वजन आणि वेग. आपल्याला पाहायचे असते ते आतल्या गोळीचे नाव.

सर्वांत साधी आणि स्वस्त गोळी म्हणजे आत शिशाचा गाभा आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण. रेमिंग्टनची कोर-लोक्ट १९३९ पासून अशीच बनते, विन्चेस्टरची पॉवर-पॉइंट आणि हॉर्नडीची इंटरलॉक याच जातीच्या. मध्यम वेगाच्या काडतुसांत, म्हणजे .३०-३०, .३०८ किंवा ७ मिमी-०८ मध्ये, जड वजनाची अशी गोळी बरगड्यांतून मारली तर काळ्या अस्वलाला पूर्ण पुरते. लाखो जनावरे या गोळ्यांनी मारली गेली आहेत आणि महागड्या गोळ्यांच्या जाहिराती वाचून त्यांना कमी लेखू नये. त्यांची मर्यादा दोन ठिकाणी उघड होते: फार जास्त वेग आणि खांद्याचे हाड. .३०० मॅग्नममधून सेकंदाला २,९०० फुटांहून अधिक वेगाने निघालेली साधी गोळी ३० यार्डांवर खांद्यावर आदळली तर आवरण आणि गाभा सुटे होतात, तुकडे स्नायूंतच विखुरतात, आणि आतपर्यंत पुरेसे काही पोचत नाही.

ही अडचण जॉन नॉस्लर यांनी १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीत अनुभवली. त्यांच्या .३०० मॅग्नमच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगात खोलवर शिरेनात. त्यातून त्यांनी मधे तांब्याची आडभिंत असलेली गोळी तयार केली, पार्टिशन. पुढचा अर्धा भाग फुलतो, झिजतो. मागचा अर्धा भिंतीआड सुरक्षित राहून पुढे घुसत जातो. मूळ वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग शेवटपर्यंत शाबूत राहतो. जवळच्या अंतरावर आणि लांबच्या अंतरावरही ही गोळी भरवशाने फुलते. एखाद्याची शिकार कुठे, किती अंतरावर होणार याचा अंदाजच नसेल तर मी त्याला हीच सुचवतो.

तिसरी जात जोडगाभ्याची. यात शिसे आवरणाला रासायनिक प्रक्रियेने किंवा उष्णतेने घट्ट चिकटवलेले असते, त्यामुळे फुलल्यावर दोन्ही वेगळे होत नाहीत. नॉस्लरची ॲक्युबॉन्ड, फेडरलची फ्यूजन आणि ट्रॉफी बाँडेड, स्विफ्टची सिरोको या तशा. स्विफ्टच्या ए-फ्रेममध्ये आडभिंतही आहे आणि जोडणीही. काळ्या अस्वलासाठी ही जात मला सर्वांत समतोल वाटते. फ्यूजनची किंमत साध्या गोळीहून थोडीच जास्त असते, आणि .३०८ मध्ये तिची १६५ किंवा १८० ग्रेनची पेटी घेणाऱ्याला या लेखातले बाकीचे फारसे वाचायचीही गरज नाही.

चौथी जात अखंड तांब्याची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची. बार्न्सने १९८९ मध्ये एक्स गोळी आणली. आजच्या टीएसएक्स आणि टिप असलेल्या टीटीएसएक्स तिच्याच पुढच्या पिढ्या, हॉर्नडीची सीएक्सही याच वर्गातली. पुढचे टोक चार पाकळ्यांसारखे उघडते, वजन जवळजवळ सगळे टिकते आणि गोळी हमखास पलीकडे जाते. आमच्या मूळ प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही. पण तिला वेग हवा असतो. आदळताना साधारण १,८०० ते २,००० फुटांच्या खाली वेग गेला की तांबे नीट उघडत नाही आणि पेन्सिलीएवढे अरुंद भोक पडते. .३०-३० मध्ये ती घ्यायचीच तर त्याच कमी वेगासाठी बनवलेली घ्यावी. मॅग्नममध्ये मात्र हीच किंवा जोडगाभ्याची गोळी वापरा, साधी नको.

दोन प्रकार अजिबात घेऊ नका. एक, निशाणेबाजीच्या स्पर्धेच्या गोळ्या. त्या अचूक असतात पण जनावरात कशा वागतील याचा नेम नसतो. दुसऱ्या, छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीच्या पातळ आवरणाच्या गोळ्या, ज्या आदळताक्षणी फुटतात. लांब अंतरासाठी बनवलेल्या मऊ गोळ्यांबद्दलही मी सावध असतो. ३०० यार्डांवर त्या छान फुलतात, ३० यार्डांवर जास्तच फुटतात.

पायरी ५: वजन

शिशाची गोळी असेल तर आपल्या कॅलिबरच्या मधल्या किंवा वरच्या वजनाची घ्या: .३०८ आणि .३०-०६ मध्ये १६५ ते १८० ग्रेन, .२७० मध्ये १४० ते १५०, ६.५ मध्ये १४० च्या आसपास, ७ मिमी-०८ मध्ये १४० ते १५०, .३०-३० मध्ये १७०. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे १८० ग्रेनची गोळी पावणेबारा ग्रॅमहून किंचित हलकी.

तांब्याची घेताना एक पायरी खाली उतरा. तिचे वजन झिजत नसल्यामुळे १५० ग्रेनची तांब्याची गोळी १८० ग्रेनच्या साध्या गोळीइतकी खोल जाते आणि वेगही जास्त मिळतो. दुसरे कारण लांबीचे. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत स्थिर राहायला गोळीला फिरवणारे नळीतले आटे घट्ट पिळाचे लागतात. काही जुन्या .३०८ रायफलींत १२ इंचांत एक फेरा असा सैल पीळ आहे. तिथे लांब तांब्याची गोळी डगमगू शकते. आपल्या नळीचा पीळ उत्पादकाच्या माहितीपत्रकात मिळतो.

ऊर्जेच्या आकड्यांवर लोक फार वाद घालतात. सूत्र सोपे आहे: ग्रेनमधले वजन गुणिले फुटांतल्या वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. त्या हिशेबाने .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी २,७०० फूट वेगाला सुमारे २,९१५ फूट-पौंड देते आणि .३०-३० ची १७० ग्रेनची गोळी सुमारे १,८२५. आकड्यांत एवढी तफावत असूनही २५ यार्डांवर दोन्ही फुप्फुसांतून गेलेल्या या दोन गोळ्यांनी अस्वलाच्या पळण्यात फारसा फरक पडत नाही. खांद्याला सोसवत नाही इतका धक्का देणारे काडतूस घेऊन नेम बिघडवण्यापेक्षा खालचा आकडा कधीही चांगला.

पायरी ६: रायफलीला विचारा

दोन किंवा तीन प्रकारच्या गोळ्यांच्या एकेक पेट्या आणा आणि रेंजवर जा. एकच बनावट, एकच वजन, तरी दोन रायफलींना वेगवेगळ्या गोळ्या मानवतात. वाळूच्या पिशवीवर टेकून, नळी थंड होऊ देत, तीन-तीन गोळ्यांचे गट मारा. १०० यार्डांवर दोन इंचांच्या आतला गट अस्वलासाठी भरपूर आहे, नाण्याएवढ्या गटाच्या मागे लागून हंगाम वाया घालवू नका. शिशावरून तांब्यावर जाताना नळी आधी स्वच्छ करा, नाहीतर पहिले गट विस्कटतात.

गोळी बदलली की नेम नव्याने बसवावाच लागतो. हरणासाठी १५० ग्रेनवर बसवलेला नेम १८० ग्रेनला लागू होत नाही, दोन्ही एकाच कंपनीच्या असल्या तरी. पसंत पडलेल्या गोळीच्या आणखी दोन पेट्या एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, घेऊन ठेवा. लॉट क्रमांक पेटीच्या आतल्या किंवा मागच्या झडपेवर असतो. त्यानंतर टेकू सोडून बसून, गुडघ्यावर, मचाणाच्या कठड्यावर रायफल टेकवून सराव करा.

पायरी ७: गोळी कुठे लागावी

अस्वल पूर्ण आडवे उभे असावे किंवा किंचित पाठमोरे तिरके. जवळचा पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबा. तो पुढे गेला की खांद्यामागची जागा मोकळी होते. पायाच्या मागच्या कडेला लागून, शरीराच्या उंचीच्या मधोमध किंवा जरा खाली नेम धरा, केसांची खालची कड हिशेबात न घेता. मचाणावरून मारताना गोळी वरून खाली जाते. बाहेर पडायची जागा डोळ्यांसमोर आणून नेम धरला तर दोन्ही फुप्फुसे साधतात, आणि बाहेरचे भोक खाली पडून रक्त वाहायला वाट मिळते.

डोक्यावर मारू नका. कवटी उतरती आहे, मेंदू लहान आहे, आणि कित्येक राज्यांत वय ठरवण्यासाठी दात जमा करावा लागतो. समोरून छातीवर किंवा सरळ पाठमोऱ्या अस्वलावरही नको. पिल्ले असलेली मादी अनेक ठिकाणी कायद्यानेच वर्ज्य आहे. एकटे दिसणारे अस्वल खरोखर एकटे आहे का, हे पाहायला थोडा वेळ द्या, पिल्ले बरेचदा मागाहून येतात.

गोळी सुटली की लगेच दुसरे काडतूस भरा. अस्वल उभे असेल आणि बाजू दिसत असेल तर पुन्हा मारा. ते झाडीत शिरले तर शेवटचे कुठे दिसले ते झाड मनात पक्के करा, आवाज ऐका, अर्धा तास थांबा आणि जोडीदारासह जा. रक्त जमिनीवर न मिळाल्यास गुडघा ते कमरेएवढ्या उंचीवरच्या झुडपांवर शोधा. केसांना लागलेले रक्त तिथे पुसले जाते.

मांस, शिसे आणि प्रवास

अस्वलाचे मांस खाल्ले जाते आणि अनेक प्रांतांत ते रानात टाकून येणे बेकायदा आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात शिशाच्या कणांमुळे अन्नदान केंद्रांतला हरणाचा खिमा टाकून देण्याची सूचना निघाली होती. शिशाची गोळी वापरली असेल तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाका, आणि घरात लहान मुले किंवा गरोदर बाई असेल तर सरळ तांब्याचीच गोळी वापरा. शिजवताना मांसाचे आतले तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत गेले पाहिजे. अस्वलात आढळणारे ट्रिकिनेला जंत थंडीला दाद देत नाहीत, त्यामुळे डीप फ्रीझरवर भिस्त ठेवू नका.

विमानाने जाणार असाल तर काडतुसे फक्त चेक-इन सामानात, कंपनीच्या पेटीत, आणि विमान कंपनीला सांगून. मर्यादा बहुधा ५ किलोंची असते. शिकारीहून परतल्यावर जॅकेटचे खिसे, पट्टा आणि पिशवीचा प्रत्येक चोरकप्पा उलटा करून झटका. हीच पिशवी घेऊन पुढे मुंबईला गेलात आणि अस्तरात एक जिवंत काडतूस सापडले, तर विमानतळावर शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. शिकारीची पिशवी वेगळी ठेवा आणि भारताच्या प्रवासाला ती कधीच वापरू नका.